रातकिड्याचा पारा

बोस्टनला गेलेली माणसं बंदर बघतात, मी आधी मेडफर्ड गाठलं. तिथे टेकडीवर टफ्ट्स विद्यापीठ आहे आणि एमॉस डॉलबेअर तिथे भौतिकशास्त्र शिकवायचे. टेलिफोनवरून ते बेल यांच्या कंपनीशी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि १८८८ मध्ये हरले. आता त्यांचं नाव निघतं ते रातकिड्यांमुळे! १८९७ मध्ये त्यांनी एक छोटासा लेख लिहून रातकिड्याच्या ठोक्यांवरून तापमान काढायचं सूत्र दिलं. खरं तर मार्गारेट ब्रूक्स यांनी १८८१ मध्येच या संबंधाबद्दल लिहून ठेवलं होतं, पण नियमाला नाव लागलं ते डॉलबेअर यांचं.

टेकडीवर फार रेंगाळलो नाही. रातकिडे ऐकायचे तर शहराबाहेरच जायला हवं. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला ग्रेलॉक हा राज्यातला सर्वांत उंच डोंगर आहे, १,०६४ मीटरचा. त्याच्या पायथ्याशी मुक्काम टाकला. ऑगस्ट संपत आला होता, म्हणजे ऐन हंगाम.

अंधार पडला आणि चहूकडून किर्रर्र सुरू झालं. यातले बरेचसे किडे अखंड किरकिरतात, त्यांचा काहीच उपयोग नाही. आपल्याला हवा तो फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक पंखांचा, झुडपांत राहणारा रातकिडा. तो 'ट्रीट... ट्रीट... ट्रीट' असे सुटे, सारख्या अंतराने ठोके देतो, आणि आजूबाजूचे सगळे त्याच्याच तालात येतात. डॉलबेअर यांनी किड्याची जात सांगितली नव्हती, पण सूत्र बसतं ते यालाच.

बॅटरीच्या उजेडात एक सापडला. पंख पाठीवर काटकोनात उभे केलेले. एका पंखाखाली कानसीसारखी दातेरी शीर असते, दुसऱ्याची कडा तिच्यावर घासते. गातो तो फक्त नर. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नाही, त्यामुळे हवा गार झाली की स्नायूंतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि ठोकेही. गंमत म्हणजे मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते. गार रात्री तिला संथ गाणंच आपलं वाटतं.

हिशोब तोंडी होतो: १५ सेकंदांतले ठोके अधिक ४०, म्हणजे फॅरनहाइट. सेल्सिअस हवं तर ८ सेकंदांतले ठोके अधिक ५.

ओढ्याकाठच्या खोलगट जागेत मोजले तर २४ भरले. म्हणजे ६४ अंश. मित्राने मोबाइल पुढे केला: "अरे, इथे तर ७४ दाखवतंय!" मी झुडपात थर्मामीटर अडकवून ठेवला होता, तो म्हणाला ६५. मोबाइलमधला आकडा गावाचा, किड्याचा आकडा त्याच्या फांदीचा. मग उतारावर चढत गेलो, आणि ताल चढत गेला. वरच्या झुडपांत ३१ ठोके, म्हणजे ७१ अंश. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे ते कानांनी ऐकलं. थंडीची सीमा नेमकी कुठे आहे, ते डोळे मिटूनही दाखवता आलं असतं. मला तरी डोंगरमाथ्यावरच्या देखाव्यापेक्षा हा चढ जास्त आवडला.

कोणाला करून बघायचं असेल तर अंधार पडल्यावर थोडं थांबा आणि तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या. जमिनीवरच्या काळ्या रातकिड्याच्या नादी लागू नका. त्याचे ठोके वयानुसार आणि जवळपास मादी आहे की नाही त्यावरही बदलतात. आणि साधारण ५० अंशांच्या खाली गेलात तर बहुतेक मोजायला काहीच मिळणार नाही.