तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे मुद्दाम असं वागतात का?’

माझ्या नवऱ्याला हंटिंग्टनचा आजार आहे. नणंदा, शेजारणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्या कधी ना कधी मला बाजूला घेऊन विचारतात, “आजार हातापायांचा ना? मग हे चिडतात कशाला? मुद्दाम करतात का गं?”

नाही. मुद्दाम करत नाहीत.

हात, खांदे, मान आपोआप हलत राहतात, ते सगळ्यांना दिसतं. पण मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा जो भाग आहे, तिथल्या पेशी या आजारात मरत जातात. हालचालींवर ताबा ठेवण्यात या भागाचा हात असतो आणि कपाळामागच्या मेंदूशीही त्याचं सतत देणंघेणं चालू असतं. राग आवरणं, आपणहून कामाला लागणं, एका विचारातून दुसऱ्याकडे वळणं, हे सगळं त्यावर चालतं. त्यामुळे स्वभाव बिघडतो, आणि कित्येकांच्या बाबतीत अंग हलायला लागण्याच्या काही वर्षं आधीच. आमच्या घरात आधी भांडणं आली, निदान मागाहून झालं. सासरेही शेवटी फार तापट झाले होते म्हणतात. त्यांची तपासणी कधी झालीच नाही. सदोष जनुक आई किंवा वडिलांकडून येतं, प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता 50 टक्के. ते जनुक सापडलं 1993 साली.

मनाची लक्षणं मात्र फार आधीपासून माहीत आहेत. 1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या 22 वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने या आजारावर लिहिलं, तेव्हाच त्याने वेड आणि आत्महत्येकडे असलेला कल ही त्याची खास खूण म्हणून नोंदवली होती. आणि तरी आपल्याकडे अजून ‘माणूसच तसा’ म्हणून मोकळे होतात, याचा मला फार त्रास होतो.

यांचा चहा चारला लागतो. चार म्हणजे चार. सव्वाचार झाले की तोच धोशा, मग आवाज चढतो, एखादा पेला भिंतीवर जातो. “थोडं थांबा” म्हटलं की भडका वाढतो, कारण थांबणं हेच तर त्यांना जमत नाही. मी वाद घालायचं सोडलं, चहा पावणेचारला ठेवते.

याच्या अगदी उलट गोष्ट आंघोळीची. “आंघोळ करून घ्या” म्हटलं तर तासभर पलंगाच्या कडेला बसून राहतील. लोकांना तो आळस वाटतो. “उठा. हा टॉवेल घ्या. बाथरूममध्ये चला. आता तांब्या उचला,” असं एकेक सांगितलं की सगळं करतात. यात दुःख असेलच असं नाही. सुरुवात करणारी यंत्रणाच थकलेली असते. नैराश्य वेगळं, तेही या आजारात खूप जणांना येतं.

आणि “तुमचे हात हलताहेत” म्हटलं तर “कुठे?” म्हणतात. खोटं बोलत नाहीत. स्वतःतला बदल मेंदूला कळेनासा होतो. म्हणून डॉक्टरांकडे घरच्या माणसानेही जायला हवं.

आजार बरा करणारं औषध आज नाही. पण नैराश्य, चिडचिड, एकच गोष्ट धरून बसणं, यांवर औषधं आहेत आणि ती बऱ्याच जणांना लागू पडतात. निरिच्छेवर मात्र औषधांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ठरलेलं वेळापत्रकच कामी येतं. एक गोष्ट लक्षात असू द्या: अंगाची हालचाल कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिनने काहींचं नैराश्य वाढतं. तेव्हा ते सुरू करण्याआधी मनाचं सगळं डॉक्टरांना सांगा. मरणाची भाषा कानावर आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालू असतो.

तुम्ही भेटायला जरूर या. फक्त आधी फोन करा, एकावेळी एकानेच बोला, प्रश्न विचारलात तर उत्तराला वेळ द्या. ओरडलेच, तर समजावत बसू नका, दुसऱ्या खोलीत या. आणि “काय खाणार?” असं विचारू नका, “पोहे की उपमा?” असं विचारा.