विंगेतली वही

कोजागरी, रात्री पावणेएक

दूध संपलं, पातेली घासून झाली, सतरंज्या गुंडाळून जिन्याखाली ठेवल्या आणि एकेक जण पांगला. घरी येऊन तास झाला तरी डोळा लागेना, म्हणून लिहायला बसले.

आमच्या नाट्यसंस्थेची हंगामाची बैठक दरवर्षी कोजागरीलाच होते, अण्णांच्या गच्चीवर. मसाला दूध, भडंग आणि मधोमध अण्णा. अण्णा आमचे दिग्दर्शक, वय ७४, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. बैठकीचा क्रम ठरलेला. आधी कोण आहे आणि कोण नाही ते बघायचं, नाटकाचं नंतर. हौशी संस्थेत हे उलटं करून चालत नाही. संहिता कितीही चांगली हाती येऊ दे, दीड महिना रोज संध्याकाळी साडेसातला नोकरी, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास आवरून येणारी बारा माणसं नसली तर ती कागदावरच राहते.

यंदा नसणाऱ्यांची यादी मोठी निघाली. प्रकाशयोजना बघणारा आमचा पोरगा हिंजवडीला नोकरीला लागला. शनिवार-रविवार येतो म्हणतोय आणि तो येईलही, पण रोजच्या तालमीला बसल्याशिवाय कुठल्या वाक्यावर उजेड किती उतरवायचा ते हाताला कळत नाही. बँकेतले आमचे दादा, सलग चार वर्षं मुख्य भूमिका करणारे, बढतीवर रत्नागिरीला गेले. उन्हाळी बालनाट्य शिबिरात सातव्या वर्षी आलेली एक मुलगी आता पुण्याला, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकायला गेली. हे सांगताना तिच्या आईचा गळा दाटून आला आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. आपल्या तालमीच्या हॉलमधून एक मूल तिथवर पोचलं, याचा आनंद मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटला.

आणि रंगभूषेचे काका. ते श्रावणात गेले. त्यांच्या मुलाने आज पेटी आणून दिली. पॅनकेकचे डबे, स्पिरिट गमची अर्धी बाटली, कंगवा, आणि जुन्या पंचांगाच्या पानांत दाबून ठेवलेल्या क्रेपच्या मिशा. प्रत्येक मिशीखाली पेन्सिलीने पात्राचं नाव, नटाचं नाव आणि साल. अण्णांनी पेटी उघडली, एक पान उलटलं आणि हलक्या हाताने झाकण लावलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. चंद्र चांगला वर आला होता.

मग माई म्हणाल्या, "यंदा मीही नाही."

माई म्हणजे आमची विंग. ३१ वर्षं त्यांनी प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे वही घेऊन विंगेत बसायचं आणि अडलेल्या नटाला हळूच शब्द द्यायचा. मी पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिले तेव्हा डाव्या विंगेत त्याच होत्या. आता डोळ्यांत काचबिंदू, आणि दिवाळीनंतर मुलगा नाशिकला घेऊन जाणार. "पानावरचं अक्षर उजेडात दिसतंय गं," त्या म्हणाल्या, "पण विंगेत उजेड कुठाय?"

अण्णांनी मान हलवली. अडवलं नाही कोणी. अडवायचं तरी कुठल्या तोंडाने.

नाटक मात्र या वर्षी आपलं आहे, म्हणजे आपल्याच माणसाने लिहिलेलं. आमच्यातले एक शाळामास्तर तीन वर्षं त्यावर बसले होते. दोन अंक, सहा पात्रं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर, नदीकाठच्या वाड्याची माडी, आणि त्या माडीवर तीन रात्री अडकलेलं एक घर. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. त्या वर्षी नदी ५७ फुटांवर गेली. हे आकडे इथे कुणाला सांगावे लागत नाहीत. आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

आमचं सामानही त्याच पाण्यात गेलं होतं. गोदाम सखल भागात. दहाव्या दिवशी कुलूप काढलं तर फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, फुगून चौकटीतून सुटलेले, वेशभूषेच्या ट्रंकेत चिखल बसलेला, नऊवाऱ्या काढताना हातात फाटत होत्या. काही अंगरखे माईंनी सात पाण्यांतून काढले. त्यातला एक अजून वापरतो आम्ही. कितीही धुतला तरी घामाने भिजला की त्याला नदीचा वास येतो.

म्हणून मास्तरांनी संहिता वाचायला दिली तेव्हा मला भीती वाटली होती. एवढं जवळचं दुखणं मंचावर आणायचं तर ते खोटं पडता कामा नये. पण त्यांनी पुराचं वर्णन केलेलंच नाही. पाणी नाटकात कुठेच नाही, आहे तो फक्त जिना. माडीवरून खाली उतरणारा लाकडी जिना, आणि प्रत्येक प्रवेशात माणसं त्यावर एक पायरी वर थांबतात. पहिल्या अंकात थोरली सून चौथ्या पायरीवर बसून तांदूळ निवडते. दुसऱ्या अंकात तिथे कोणी पायही ठेवत नाही. नेपथ्यवाल्या मामांनी गच्चीच्या फरशीवर खडूने तो जिना काढून दाखवला. लेव्हल, म्हणजे माडीसाठीचा उंच चौथरा, साडेचार फुटांची, जिना मागच्या बाजूला उतरणारा, प्रेक्षकांना वरच्या सहाच पायऱ्या दिसतील. पाण्याची थरथर छतावर दाखवायला त्यांनी जुनी युक्ती सांगितली. परातीत पाणी, पाण्यात आरशाचे तुकडे, त्यावर एक स्पॉट, आणि कुणीतरी परातीला बोट लावत राहायचं. हे बोट लावायचं काम कॉलेजच्या एका मुलाने तिथल्या तिथे मागून घेतलं.

राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका गेली आहे. संहिता नवी असल्याने ती तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची धाकधूक होती, ते गेल्या आठवड्यात आलं. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, नटराजपूजन करून पहिली सलग तालीम. १८४३ मध्ये त्याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवराचा प्रयोग केला, आणि त्या दिवशी सांगलीत मराठी नाटक करणाऱ्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. मग प्राथमिक फेरी. जानेवारीत मुलांच्या दोन एकांकिका. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं अभिवाचन, २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिनी आणखी एक. एप्रिलअखेर बालनाट्य शिबिर.

यात मी एक गोष्ट भांडून घालून घेतली. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आमच्यासारख्या शेकडो संस्था तिच्यामुळे जगल्या आणि तिच्याबद्दल मला फार आदर आहे. पण दीड महिना राबायचं, एक प्रयोग करायचा आणि निकालानंतर फ्लॅट गोदामात टाकायचे, याने नाटक मरतं. या वर्षीचं नाटक तरी असं मरता कामा नये. फेरीत नंबर येवो न येवो, फेब्रुवारीत हरिपूर, अंकली आणि भिलवडी असे तीन प्रयोग करायचे, नदीकाठी, ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांच्यासमोर. टेम्पोचा खर्च कुठून काढायचा यावर अर्धा तास गेला. शेवटी अण्णा म्हणाले, "हरिपूर नाटककार देवलांचं गाव. तिथं तर मी चालत जाऊन करीन." ठरलं.

सगळे उठता उठता त्यांनी विचारलं, माईंच्या जागी वही कोण घेणार? कोणी बोललं नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पातेली उचलून खाली गेले.

खरं ते इथे लिहिते. थोरल्या सुनेची भूमिका मला हवी आहे. संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हापासून तिची वाक्यं मी भाजी चिरताना म्हणते आहे. १८ वर्षं काम करतेय, एकदा अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्रही मिळालं. अशी भूमिका परत कधी येईल?

गुरुवार

आज वाचन झालं. शाळेचा हॉल आता साडेदहाऐवजी दहालाच रिकामा करायचा आहे, भाडंही वाढलं, पण आहे ते सोन्यासारखं.

अण्णांची पद्धत अशी की पहिल्या वाचनाला भूमिका वाटलेल्या नसतात. संहिता फिरते, ज्याच्या हातात येईल त्याने वाचायचं. थोरल्या सुनेचा प्रवेश आधी मी वाचला. चांगला वाचला, मला कळत होतं. मग तोच प्रवेश आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी आलेल्या परिचारिका ताईंकडे गेला. त्या याआधी कधी मंचावर गेलेल्या नाहीत. वाचताना अडखळत होत्या, जोडाक्षराशी थांबत होत्या, शेवटाला आवाज पडत होता. पण एक वाक्य आहे, "दिवा विझवू नका, सासूबाईंना अंधारात पाणी ऐकू येतं." मी ते म्हटलं तेव्हा त्यात दुःख घातलं होतं. त्यांनी ते एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सूचना द्यावी तसं म्हटलं. काम सांगितल्यासारखं. हॉलमध्ये एकदम शांत झालं. माझ्या अंगावर काटा आला.

मास्तरांनी मान खाली घातली होती. नंतर म्हणाले, त्यांच्या आईने ते असंच म्हटलं होतं.

घरी येताना मी माईंकडे वळले. त्यांनी काही विचारलं नाही. चहा टाकला आणि कपाटातून गेल्या वर्षीची वही काढून माझ्यासमोर ठेवली.

त्यांची वही मी एवढ्या वर्षांत कधी नीट बघितलीच नव्हती, आम्हाला ती फक्त ऐकू येत होती. संहितेचं एकेक पान मोठ्या कोऱ्या पानावर चिकटवलेलं, चारी बाजूंना समास. डाव्या समासात हालचाली, उजव्या समासात माणसं. म्हणजे माणसांबद्दलचं. 'इथे दादा श्वास घेतात, घाई नको.' 'ही ओळ ती नेहमी उलटी म्हणते, अर्थ बदलत नाही, जाऊ दे.' 'मुलाची परीक्षा चालू, आठवडाभर पहिला शब्द तयार ठेवणे.' माझ्याही नावाने एक होतं. 'रागाच्या प्रवेशात विसरत नाही. शांत प्रवेशात लक्ष ठेवणे.' खरं आहे ते. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

"अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही," माई सांगत होत्या. "पहिला शब्द. तोही नको, पहिलं अक्षर पुरतं. स्पर्धेत तर परीक्षकाच्या कानावर जाता कामा नये. आणि तोंड नटाकडे करायचं नाही, विंगेच्या कापडाकडे करायचं, आवाज कापडावरून घसरत जातो." भाव्यांच्या वेळी लिहिलेली असायची ती पदं, सूत्रधार ती म्हणायचा आणि पात्रं आपापलं गद्य मनानेच बोलायची, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. आज पुढचं वाक्य जोडलं, "नट अडला की तो विसरलाय असं धरून चालू नको. त्या लोकांसारखा तो बोलायला बघत असेल."

मी वही घेऊन आले. अण्णांना फोन करून सांगितलं, थोरली सून ताईंना द्या. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं बाई, तू सांगितलंस." फोन ठेवल्यावर मी रडले.

रविवार, रात्री

ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठून यायचं, कुठे थांबायचं ते बसवणं, सुरू झालं. एसटीत कंडक्टर असलेले आमचे भाऊ ड्युटी बदलून थेट डेपोतून आले, खाकीतच धाकट्या दिराचा प्रवेश केला. जिना खडूचाच आहे अजून, तरी ताई चौथ्या पायरीवर बसताना पदर सावरून बसल्या.

मी डावीकडे खुर्ची टाकून बसले, शेजारी माई. दुसऱ्या अंकातला सासू-सुनेचा प्रवेश आला. ताईंचं पाठांतर अजून कच्चं, पाच-सहा ठिकाणी मी शब्द दिला, तो त्यांनी अलगद उचलला, आणि मला वाटायला लागलं की जमतंय. मग सासू विचारते, "किती पायऱ्या राहिल्या?" ताई खाली बघत राहिल्या. एक, दोन, तीन. मी वाक्यावर बोट ठेवलं आणि "दोन" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माईंचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट. वहीकडे त्या बघतच नव्हत्या, ताईंकडे बघत होत्या.

ताईंनी पदराने कपाळ पुसलं, सासूकडे न बघता म्हटलं, "पुष्कळ आहेत."

संहितेत "दोन" आहे. अण्णांनी टाळी वाजवून प्रवेश थांबवला. मास्तर उठले, हॉलच्या दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "राहू दे. पुष्कळच राहू दे." परिनिरीक्षणाला गेलेल्या संहितेत शब्द बदलला तर चालेल का, यावर मग पंधरा मिनिटं चर्चा झाली. मास्तर उद्या फोन करून विचारणार आहेत.

दहा वाजले म्हणून हॉल आवरला. मी माईंना गेटपर्यंत सोडलं, हात धरून, कारण पायऱ्यांवरचा दिवा गेलेला आहे. घरी येऊन नव्या वहीत पहिली नोंद केली, उजव्या समासात. 'इथे ताई थांबतात. शब्द देऊ नये.'

मंगळवारी पहिला अंक पुन्हा, साडेसातला. डिंकाची बाटली आणि मऊ शिशाच्या दोन पेन्सिली आणायच्या आहेत.