हळदीची युनो

सांगलीच्या मार्केट यार्डात काकांची हळदीची अडत आहे आणि तिथली टायपिंगची हमाली माझ्याकडे. शेतकऱ्याला पत्र मराठीत, परगावच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत, काही कागदांवर दोन्ही. त्यामुळे डावीकडचं आल्ट आणि शिफ्ट ही जोडी अंगठा-करंगळीच्या इतकी अंगवळणी पडलीय, की भाषा बदलल्याचं बोटांना कळतं, मला नाही. घोटाळा होतो तो तिथेच.

परवा खाली मान घालून पत्राची पहिली ओळ बडवली, वर बघतो तर 'हळद'च्या जागी 'युनो'. रोमन लिपीत, मधला एन मोठा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकात 'ह' यूच्या कळीवर, 'द' ओच्या, आणि 'ळ' शिफ्ट दाबून एनवर. आल्ट-शिफ्ट विसरलं की राजापुरी हळद थेट संयुक्त राष्ट्रसंघात! 'सांगली' लिहावं तर 'मेक्सिनर' उमटतं. औषधाच्या दुकानात मागितलं तर 'जेवणानंतर एक' म्हणून देतीलसुद्धा. उलटीकडून चुकलं की 'जीएसटी'चं 'उएऊ' होतं. ते मात्र मी खोडायला जरा वेळ लावतो. कर भरताना माणूस तसाच कण्हतो.

काकांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं, "काय रे, युनोला काय दर निघाला आज?"

मित्र म्हणतात, फोनेटिक घे, इंग्रजी अक्षरांत बोलशील तसं टाइप कर. नको. १९९१च्या भारतीय मानकात बसलेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. दोन्ही हात टाळ धरल्यासारखे आलटून पालटून पडतात. शिवाय 'दऱ्या'तला अर्धा ऱ्‌ हाताशी असतो, त्याला आर-वाय-ए असं काहीतरी समजावत बसावं लागत नाही.

विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषांची यादी समोर येते, बघून निवडता येते. शहाणपणाचं तेच. पण बोटं जुन्याच वाटेनं जातात. त्यात वर्डमध्ये आल्ट-शिफ्ट धरलेलं असताना बाणाच्या कळीला धक्का लागला तर अख्खा परिच्छेद उडी मारतो. एकदा 'कळावे' आधी आलं आणि 'सप्रेम नमस्कार' नंतर.

काकांना हे काही लागत नाही. दारात कर्नाटकातला ट्रक लागला की "बर्री, बर्री" म्हणत उठतात, कानाला लावलेल्या फोनवर कुणाला तरी "ओके, थँक्यू" सांगतात, आणि त्याच दमात हमालावर मराठीतून ओरडतात. मधे कुठली कळ दाबली ते बत्तीस वर्षांत मला दिसलेलं नाही.

त्या ट्रकवाल्यांसाठी म्हणून गेल्या महिन्यात मी तिसरी भाषा बसवून घेतली, कन्नड. लगेच एक आल्ट-शिफ्ट जास्त पडलं आणि पानभर गोल गोल अक्षरं सांडली. पुसणार, तेवढ्यात काका वाकले. त्यांना कन्नड अडखळत वाचता येतं. इनस्क्रिप्टमध्ये मराठी 'ह'च्या कळीवरच कन्नड 'ह', 'ळ'च्या कळीवर 'ळ'. कन्नडमध्ये हळदीला अरिशिन म्हणतात आणि 'हळदि' म्हणजे पिवळा, हे मला नंतर कळलं. काकांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं: ह... ळ... द.

"बरोबर आहे की," ते म्हणाले.