डिप्रेशनच्या गोळीला जोड म्हणून सप्लिमेंट: मी लावलेला क्रम

गोळीने फरक पडलाय पण पुरेसा नाही, अशा वेळी सप्लिमेंटचा विचार करावा. गोळी चालू ठेवून आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगूनच.

सुरुवात मी रक्ततपासणीने केली: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. त्याचा थकवा डिप्रेशनच्या खात्यात जमा होतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, थायरॉइडचे आकडे चुकतात.

मग ओमेगा-३. इथे लेबलची मागची बाजू वाचायलाच हवी. पुढे ठळक छापलेले १००० मिग्रॅ म्हणजे माशाच्या तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए साधारण १८० आणि डीएचए १२० मिग्रॅ असतं (हे दोन्ही ओमेगा-३चेच प्रकार). डिप्रेशनमध्ये सुचवलं जातं ते रोज १ ते २ ग्रॅम ईपीए, तेही डीएचएच्या दुपटीहून जास्त. साध्या सहा कॅप्सूल घेतल्या तरी हे प्रमाण जुळत नाही, म्हणून मी जास्त ईपीएची कॅप्सूल निवडली. जेवणाबरोबर घेतली की शोषण चांगलं होतं, माशाच्या वासाचे ढेकरही कमी येतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फॉलिक अ‍ॅसिडचा पुरावा उलटसुलट आहे. २०००च्या एका चाचणीत फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीसोबत ५०० मायक्रोग्रॅम दिल्यावर फायदा फक्त स्त्रियांना दिसला. पुढे २०१४च्या मोठ्या चाचणीत ५ मिग्रॅचा उपयोग झाला नाही. बी१२ कमी असताना तर ते एकटं घेऊच नये: अ‍ॅनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

क्रिएटिनबद्दल (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पावडर) मला खरी आशा वाटते. २०१२मध्ये दक्षिण कोरियात ५२ स्त्रियांना एसिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीबरोबर क्रिएटिन किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) दिलं गेलं. पहिला आठवडा ३ ग्रॅम, मग ५ ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यातच फरक दिसला. चाचणी लहान होती, हे मात्र विसरू नये. क्रिएटिनमुळे रक्तातलं क्रिएटिनीन वाढलेलं दिसतं, तेव्हा किडनीची तपासणी करताना सांगा. बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली जाण्याचा आजार) असेल तर नको, मेनिया (त्यातली अतिउत्तेजित अवस्था) उसळू शकतो.

सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषध 'नैसर्गिक' म्हणून सर्रास विकलं जातं. एसएसआरआय गोळ्यांबरोबर (मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणाऱ्या, डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या) त्याने सेरोटोनिन धोकादायक पातळीला जातं, शिवाय गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटतो. ते अजिबात घेऊ नका.

एका वेळी एकच सप्लिमेंट, किमान आठ आठवडे. मोजायला पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली (गुण जास्त तितका त्रास जास्त), दर दोन आठवड्यांनी, शेजारी पाळीचा दिवस लिहून. पाळीआधीच्या गुणांची तुलना पाळीआधीच्याच गुणांशी करायची, नाहीतर चांगली चाललेली गोष्टही फसल्यासारखी वाटते. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याहून जास्त आलं, तर आठ आठवडे पुरे व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.