काळी चारच्या जरा खाली

बेळगावच्या शहापुरात माझं पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली, एक लांब बाक आणि भिंतीला टेकून उभे केलेले भाते. वडील हेच करायचे. गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, शाळा आणि थोडे बैठकीचे वादक. गायकांशी माझा संबंध पेटीपुरताच. त्यामुळे जुलैत एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी मला बोलावणं आलं तेव्हा आधी वाटलं, पेटी बिघडली असणार.

वाहिनीचं नाव लिहीत नाही. मराठी आहे, एवढं पुरे. एरवी आमच्या पोरांना चाचणीसाठी कोल्हापूर गाठावं लागतं, आणि कन्नड स्पर्धा असेल तर हुबळी. या वेळी मंडळी स्वतः बेळगावात आली. टिळकवाडीतल्या एका शाळेत एक दिवस चाचणी, पेटीवाल्याला अडीच हजार. मी हो म्हटलं.

पेटीवाला म्हणजे साथीला नव्हे. पहिल्या फेरीत साथ नसतेच. मी व्हरांड्यात बसायचं, रांगेतल्या प्रत्येकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतो ते, काढायची, चिठ्ठीवर लिहायची, आत जाताना सा द्यायचा. आत दीड मिनिट गाणं. टीव्हीवर दिसतात ते परीक्षक आत असतात असं बाहेरच्यांना वाटतं. नसतात. आत दोन तरुण मुलं, एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि एक कॅमेरा. नावाजलेली माणसं पुढच्या फेरीला, दिवे लागल्यावर येतात. तोवर चाळण होऊन गेलेली असते. आमच्या गावात या स्पर्धांवरचं भांडण नेहमी शेवटच्या मतांवरून होतं. आपल्या पोराला मतं कोल्हापूरवाले देणार की बेंगळूरवाले, हा वाद मी पंधरा-वीस वर्षं ऐकतोय. शाळेच्या व्हरांड्याबद्दल कुणी कधी बोललेलं ऐकलं नाही.

अर्ज चार पानी. गाणं कुठे शिकलात याला दोन ओळी, घरच्या परिस्थितीला अख्खं पान. अर्ज तपासणारी मुंबईची मुलगी हुशार होती आणि दिवसभर उपाशी पळत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते पान वाचताना तिचा चेहरा खुलायचा. एकाला तिने विचारलं, शाळेला जाताना नदी ओलांडावी लागते का? सोबतचा मामा म्हणाला, "नाही ओ, बस येते की दारात." तिची निराशा लपली नाही.

तो मामा आणि ते पोरगं, त्यांच्याचबद्दल लिहायचं आहे.

पोरगं अकरा-बारा वर्षांचं, जांबोटीच्या पुढच्या एका गावचं. पावसाने दोघंही निथळत होते. नंबर 147. मी म्हटलं, आ कर. त्याने आ केला आणि माझं बोट अडलं. पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबली, आवाज तिच्या वर. लगतची काळी चार दाबली, तिच्या खाली. दोन पट्ट्यांच्या फटीत. भेदरलेलं पोर आहे, सूर उतरलाय, असं मी धरलं. चिठ्ठीवर काळी चार लिहिलं, सा दिला, त्याने तो बरोबर उचलला. आत गेला.

दाराला वरती झडप होती, सगळं ऐकू यायचं. अभंग होता. पहिली ओळ काळी चारमध्ये. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला मोकळा श्वास घेतला आणि जिथून पुढे निघाला ती जागा माझ्या सा-च्या खाली होती. गेला, म्हटलं मनात.

पण तो गेला नाही. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझ्या धंद्यात तेवढंच मला कळतं. सूर सुटलेला गाणारा उतरतच जातो. दर ओळीला थोडा, तानेनंतर जास्त, आणि शेवटी अर्धी पट्टी खाली येऊन थांबतो. हा एकदा उतरला आणि खिळा ठोकल्यासारखा तिथेच राहिला. अंतऱ्यात तारसप्तकात गेला, परत आला, त्याच जागी आला. मी मोबाइलवरचा ट्युनर काढून मांडीवर धरला. काळी चारच्या खाली 40 सेंट. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर 100 सेंट धरतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वाटेवर. काटा हलेना. चांगले शिकलेले लोक विनासाथ गाताना इतके स्थिर राहत नाहीत.

आतल्या मुलाने गाणं संपल्यावर कीबोर्डवर काळी चार वाजवली. फरक कुणालाही कळला असता. "पिच ड्रॉप होतंय रे," तो म्हणाला. गोड आवाजात म्हणाला. आणि त्याचं चूक नव्हतं.

दुपारी चहाच्या गाड्यावर मामा भेटला. पोरगं मिरची भजी खात होतं, रडलंबिडलं नव्हतं. मामा म्हणाला, "अण्णा, वळखलं नाही काय मला? चार वर्षांखाली मंडळाची पेटी आणलो होतो की तुमच्याकडं. काळ्या रंगाची, जुनी."

कप माझ्या हातातच राहिला.

ती पेटी मला आठवत होती. अशी पेटी पाच-सहा वर्षांतून एकदा येते. पॅरिसचे सूर (आतल्या जिभांना आम्ही सूरच म्हणतो), साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या, दोन ओळी, म्हणजे 84 पितळी जिभा. आता बाजारात बहुतेक गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर येतात, चांगले असतात, पण त्या जुन्या पितळेचा आवाज वेगळाच. फ्रान्सात 1859 साली सरकारी पट्टी, म्हणजे सगळ्या वाद्यांनी मिळवायचा सूर, ठरली ती सेकंदाला 435 कंपनांची. आज जग 440 वर चालतं. म्हणजे असली पेटी मुळातच 20 सेंट खाली जन्मलेली. त्यात आमच्या खानापूरकडचा पाऊस. पितळेवर हिरवट कीट चढतं, जीभ जड होते, सूर आणखी उतरतो.

सूर चढवायचा तर जिभेचं टोक खरवडायचं. उतरवायचा तर बुडाशी. टोक खरवडताना हाताला जीभ किती पातळ राहिली ते कळत जातं, आणि एका क्षणी हात आपोआप थांबतो. शंभर वर्षांची जीभ 40 सेंट चढवायची म्हणजे तिचा बराच जीव काढून घ्यायचा. एखादी तुटली तर जोडीला त्या जातीची दुसरी मिळत नाही. मंडळाने वर्गणी काढून 1,800 रुपये आणले होते. मी कीट काढलं, भात्याची कातडी बदलली आणि पेटी आतल्या आत मिळवून दिली. दोन ओळी एकमेकींत अशा बसवल्या की लहर ऐकू येऊ नये. तीन दिवस गेले. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे. पेटी स्वतःशी सुरात होती, जगाशी नव्हती. गावातल्या भजनाला जग कशाला लागतं, असा माझा हिशेब.

त्या वर्षी हे पोरगं सात-आठ वर्षांचं असणार. दर एकादशीला, दर गुरुवारी त्याच पेटीवर गायलं. गावात दुसरी पेटी नाही. त्याच्या कानात सा आहे तो मी ठेवलेला सा आहे.

मी आत गेलो. इथून पुढचं लिहायला जड जातं. त्या मुंबईच्या मुलीला मी म्हटलं, 147 नंबरला परत एकदा ऐका, पोरगं सुराचं पक्कं आहे. ती म्हणाली, "काका, अजून सत्तर जण बाकी आहेत. आणि सगळेच म्हणतात परत ऐका." तेही खरंच. पण मी फक्त 'पक्कं आहे' म्हटलं. पेटी माझ्याकडे आली होती, मी ती खाली ठेवली, पोराचा कान तिच्यावर बसलाय, हे सांगितलं असतं तर कदाचित ट्युनर दाखवून पटवता आलं असतं. नाही सांगितलं. चार लोकांत, स्वतःच्या कामाचं असं सांगायला जीभ रेटली नाही. व्हरांड्यात जाऊन 148 ची पट्टी काढली.

त्या दिवशी बेळगावातून निवडली गेली त्यात एक मुलगी होती. तिचा सूर काट्यावर होता, पण गाणं मूळ गायिकेच्या श्वासासकट उचललेलं. मी नाक मुरडलं. माझा तबलावाला दोस्त सोबत बसायला आला होता, तो म्हणाला, "सुळेभावीचं पोरगं विसरलास काय?" बरोबर बोलला. सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. 1924 चा जन्म. लहानपणी त्यांचं नाव झालं ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवल्यामुळे. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले आणि मग जे केलं ते कुणाचीच नक्कल नव्हतं. म्हणजे नक्कल करणाऱ्या पोरीला नापास करा असंही मला म्हणता येत नाही.

त्याच दोस्ताने मग ठरलेलं वाक्य टाकलं, अरिजित सिंगही 2005 साली टीव्हीवरच्या स्पर्धेत हरलाच होता की. हे वाक्य मला आता ऐकवत नाही. तो आठवडेच्या आठवडे टीव्हीवर गाऊन हरला. लोकांनी त्याला ऐकलं होतं. हे पोरगं झडपेच्या आत हरलं.

माझं गाऱ्हाणं तिथेच संपलं असतं, पण आमच्या वाद्याचीच गंमत आहे. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारण काय, तर हिचे सूर ठोकळेबाज, आपल्या गाण्याच्या श्रुती, दोन पट्ट्यांमधल्या बारीक जागा, हिच्यात बसत नाहीत. एकतीस वर्षं नापास. आणि आता मीच ती पेटी घेऊन दारात बसलोय आणि दोन पट्ट्यांच्या फटीत गाणाऱ्याला काळी चार लिहून देतोय. आकाशवाणीची चाचणी कडकच असते, पण तिथे ध्वनिमुद्रण परीक्षकांपुढे नावाशिवाय जातं. घरच्या परिस्थितीचं पान नसतं.

आणखी एक. टीव्हीवर दिसतो तो प्रत्येक सूर गळ्यातून तसाच आलेला असतो असं नाही. इंग्लंडातल्या एका मोठ्या स्पर्धेत 2010 साली चाचणीच्या भागातच आवाज यंत्राने सुरात आणून दाखवला म्हणून बोंब उठली होती. ऑटो-ट्यून 1997 पासून आहे. असलं यंत्र 40 सेंट एका क्लिकमध्ये चढवतं. मला 84 जिभा आणि तीन आठवडे लागतील.

तरी आतल्या पोराला मी दोष देऊ शकत नाही, हे परत लिहितो. वडील म्हणायचे, गवई तो, जो दिलेल्या षड्जाला लागतो. घरच्या तंबोऱ्यावर सगळेच गातात. त्या न्यायाने 147 नापासच. फक्त दिलेला षड्ज कानात मुरायला किती वेळ द्यायचा, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मामा पोराला घेऊन दुकानात आला, पेटी घोंगडीत गुंडाळलेली. मी तेव्हा सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. तो म्हणाला, "मग चढवा की अण्णा. टीव्हीच्या मापाला आणा. पुढच्या वर्षी परत नेतो."

मी माझी 440 ची पेटी पुढे ओढली आणि पोराला तोच अभंग गायला सांगितला. पहिल्यांदा दुसऱ्या ओळीला घसरलं. दुसऱ्यांदा अंतऱ्याला. चहा झाला. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत काळी चार सोडली नाही, मी ट्युनर लावला होता. वीसेक मिनिटं गेली असतील. पण गाताना त्याची नजर माझ्या बोटांवर होती, शब्दांवर नव्हती, आणि व्हरांड्यातल्या झडपेतून ऐकलेलं गाणं हे नव्हतं. मामाला काही फरक वाटला नाही. त्याने टाळी वाजवली.

मी म्हटलं, पेटी राहू दे तशीच, महिनाभर माझी एक जादा पेटी घेऊन जा, पोराचा कान बसेल. मामा म्हणाला, मंडळ ऐकणार नाही, एका गावात दोन सा कसे चालतील? आणि माझी जादा पेटी दिल्ली बनावटीची, पत्र्यासारखी वाजते, हे मलाही माहीत आहे.

पेटी बाकावर उघडी आहे. मंडळाला गणपतीच्या आत हवी. काळी चारच्या दोन जिभांतली एक काढून फडक्यावर ठेवलीय, कानस दोनदा हातात घेतली. मंडळातले म्हातारे परवा फोनवर म्हणाले, चढवलीत तर आमचा आवाज वर पोचणार नाही, आमचं काय? मग काळी चारऐवजी पांढरी पाचवर वाजवा, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आमच्यातल्या पेटीवाल्याला काळी चारच येते.