सिग्नलिंगचा होस्ट बदलायचाय? जरा दमानं

मोबाईल नेटवर्कमधल्या मशिनी, म्हणजे नोड, फोन-एसएमएससाठी आपसात जे निरोप पाठवतात ते सिग्नलिंग, आणि त्यात नोडची ओळख दोन गोष्टींनी होते, आयपी म्हणजे पत्ता आणि होस्टनेम म्हणजे नाव. आयपी बदलणं आणि होस्टनेम बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण चेंज रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या अर्जात) दोन्ही एकाच ओळीत येतात, "होस्ट सेटिंग अपडेट, इम्पॅक्ट नाही". गोंधळ तिथनंच सुरू होतो. मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरात बसून व्हीपीएनवरनं हे काम करतो, नोड कुठल्यातरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये, त्याच्या समोरचा नोड अजून तिसरीकडंच, आणि रात्रीच्या कॉलवर जितकी माणसं असतात त्यातली निम्मी म्यूट करून झोपलेली असतात. तर या बदलात नेमकं काय काय हलतं ते एकदा नीट लिहून टाकतो.

आधी खालचा थर. फोन लागायच्या आधी, एसएमएस जायच्या आधी, नेटवर्कमधले नोड एकमेकांशी जे बोलतात ते बरंचसं एससीटीपी नावाच्या प्रोटोकॉलवर (निरोप पोचवायच्या नियमांवर) चालतं. २००० साली आला हा प्रोटोकॉल, टेलिफोनचं सिग्नलिंग आयपीवर न्यायचं म्हणूनच बनवला. इंटरनेटवरच्या नेहमीच्या टीसीपीपेक्षा याची मोठी गंमत म्हणजे मल्टीहोमिंग, म्हणजे एकाच असोसिएशनला (दोन नोडमधल्या जोडणीला) दोन्ही बाजूनं दोन-दोन आयपी, एक रस्ता पडला तर दुसरा आहेच. पण हे आयपी कोणते ते ठरतं पहिल्याच निरोपात, ज्याला इनिट म्हणतात. नोड त्यात स्वतःचे पत्ते सांगतो आणि समोरचा ते लिहून घेतो. नंतर तुम्ही कॉन्फिगमध्ये आयपी बदलला म्हणून चालू असोसिएशनला त्याचा पत्ता लागत नाही, ती खाली घेऊन परत उभी करावीच लागते. चालू असताना पत्ता बदलायची सोय आहे, २००७ च्या आरएफसी ५०६१ या स्टँडर्डमध्ये लिहिलीये, पण मी ज्या नोडवर काम केलं तिथं कुणी ती चालू ठेवलेली बघितली नाही.

आता यातली खरी भानगड. दोन आयपीपैकी एक चुकीचा टाकला, किंवा फायरवॉलमध्ये एकच उघडला, तरी असोसिएशन अपच दिसते! पहिला रस्ता चालतोय ना, झालं, स्क्रीन हिरवी, कॉलवर सगळे थँक्यू म्हणून झोपायला मोकळे. दुसरा रस्ता मेलेला आहे हे कळतं कधी, तर सहा महिन्यांनी पहिला पडल्यावर. म्हणून मी स्टेटस बघतच नाही, प्रत्येक पाथचा, म्हणजे रस्त्याचा, हार्टबीट (जिवंत आहेस का विचारणारा निरोप) बघतो (लिनक्सवर असेल तर एससीटीपीच्या प्रोक फाईलमध्ये समोरच्या एकेका पत्त्याची अवस्था दिसते), आणि विंडो (कामाला ठरवून दिलेली वेळ) संपायच्या आत पहिला रस्ता मुद्दाम पाडून दाखवा म्हणतो. लोक चिडतात. चिडू देत.

पाडला की अजून एक गोष्ट दिसते. डिफॉल्ट सेटिंगवर पहिला टाइमआऊट (उत्तराची वाट बघायचा वेळ) कमीत कमी १ सेकंदाचा, मग दरवेळी दुप्पट, १, २, ४, ८, १६, ३२, आणि पाथ मेला असं ठरायला पाचच्या वर सलग फेल लागतात. बेरीज करा, ६३ सेकंद. दुसरा पाथ असला तर निरोप तिकडनं परत पाठवला जातो, पण नवीन निरोप आधी मेलेल्या रस्त्यावरच धडकत राहतात. फोन लावणाऱ्या माणसासाठी एक मिनिट म्हणजे लई झालं. म्हणून हे आकडे बऱ्याच ठिकाणी खाली आणलेले असतात, आणि नवीन होस्ट प्रोफाईल (सेटिंगचा संच) बनवताना ते परत डिफॉल्टला जातात, हे कुणाच्या डोक्यातच नसतं. जुन्याची कॉपी मारा, नवीन कोरं प्रोफाईल घेऊ नका.

आणि दोन पाथ खरंच दोन आहेत का ते पण विचारा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा काय झालं ते आपल्याला सांगायला नको, पुण्याकडं जायचा रस्ताच बंद. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ. आता दोन आयपी, दोन स्विच, दोन व्हीलॅन आणि शेवटी दोन्ही फायबर एकाच पुलावरनं जात असतील तर त्या मल्टीहोमिंगला काय अर्थ आहे?

फायरवॉलचं एक वाक्यात सांगतो, एससीटीपी हा टीसीपी नाही, आयपीमध्ये त्याचा प्रोटोकॉल नंबर १३२, आणि "३८६८ उघडलाय सर" (हा पुढं येणाऱ्या डायमीटरचा पोर्ट) म्हणणाऱ्यानं तो टीसीपीचाच उघडलेला असतो.

वरचा थर डायमीटर, म्हणजे ग्राहक कुठं आहे, त्याला काय परवानगी आहे असले निरोप ज्यात जातात तो प्रोटोकॉल. इथं नोडची ओळख म्हणजे आयपी नव्हे, ओरिजिन-होस्ट, म्हणजे नाव. आमच्यात एक नवीन पोरगा आलाय कागलचा, तो म्हणाला, "दादा, आयपी बदललाय तसं नाव पण बदलून टाकू की, एकाच विंडोत." म्हणलं, बाबा, शाहूपुरीतनं राजारामपुरीत राहायला आलास तर पोस्टमनला सांगितलं की भागतं, पण नाव बदललंस तर गॅझेट, रेशनकार्ड, सातबारा, बँक, सगळीकडं फिरावं लागतं. तसंच आहे हे.

कनेक्शन उभं राहताना नोड सीईआर (ओळख करून देणारा निरोप) पाठवतो, त्यात स्वतःचं नाव, रेल्म (नेटवर्कचं डोमेन) आणि आयपी. समोरच्याच्या पीअर टेबलमध्ये (ओळखीच्या नोडच्या यादीत) ते नाव नसलं की उत्तर येतं ३०१०, अननोन पीअर, आणि कनेक्शन बंद. खाली एससीटीपी अप, वर डायमीटर डाऊन, आणि कॉलवर नेटवर्कवाला म्हणतो माझ्याकडं सगळं ओके आहे. बरोबरच आहे त्याचं. नावात एक छोटी खोच पण आहे, रेल्ममध्ये एमएनसी (ऑपरेटरचा नंबर) तीन आकडी लिहायचा, तो दोन आकडी असला तर त्याच्या आधी शून्य लावून. ते शून्य राहिलं की अख्खी रात्र जाते.

पण ३०१० सरळ दिसतो तरी. न दिसणारा त्रास वेगळाच. एमएमईचं (फोरजीत ग्राहकाचा फोन सांभाळणाऱ्या नोडचं) नाव बदललं असं धरा. एचएसएसनं (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या नोडनं) प्रत्येक ग्राहकासमोर "हा सध्या या एमएमईकडं आहे" असं जुनं नाव लिहून ठेवलेलं असतं. नवीन नावानं नोड उभा राहिला, सगळे पीअर अप, तरी एचएसएस जुन्या नावालाच निरोप पाठवत बसतो, आणि मधला डीआरए (डायमीटरचे निरोप पुढं पाठवणारा नोड) ३००२ देतो, पोचवता येत नाही म्हणून. ग्राहकाचा फोन परत रजिस्टर होऊन नवीन लोकेशन अपडेट जाईपर्यंत हे चालतं. पॉलिसीच्या सेशनचं पण तेच, पीसीआरएफला (ग्राहकाच्या डेटाचे नियम ठरवणाऱ्या नोडला) जुनंच होस्ट माहीत. म्हणून नाव बदलायचं असेल तर आधी त्या नोडवरचे ग्राहक दुसऱ्या एमएमईकडं हलवून नोड रिकामा करायचा, मग नाव बदलायचं.

बंद करताना पण केबल ओढल्यासारखं करू नका, डीपीआर (कनेक्शन तोडतोय असा निरोप) पाठवा. त्यात कारण द्यायला तीनच पर्याय आहेत, रीबूट करतोय, बिझी आहे, आणि तिसऱ्याचं नाव अक्षरशः "मला तुझ्याशी बोलायचं नाही" असंय. स्टँडर्ड लिहिणाऱ्यातला कुणीतरी त्या दिवशी घरात भांडून आला असणार. चेष्टा सोडा, कारण नीट निवडा, कारण रीबूट सांगितलं तर समोरचा परत कनेक्ट करायला बघू शकतो, बाकी दोन्हीत त्यानं बघू नये असं लिहिलंय. जुना होस्ट कायमचा काढताना रीबूट दिला तर तो बिचारा जुन्या आयपीचं दार वाजवत बसतो आणि अलार्म तुमच्या नावावर.

टूजी-थ्रीजीच्या सिगट्रानमध्ये (जुनं सिग्नलिंग आयपीवर नेणाऱ्या पद्धतीत) ओळख पॉइंट कोडची, म्हणजे नोडच्या ठरलेल्या नंबरची, त्यामुळं आयपी बदलला तरी वरच्यांना फरक पडत नाही. तिथं फक्त एवढंच बघा की एएसपी (तिथलं सिग्नलिंग हाताळणारा प्रोसेस) अपवर थांबलाय का ॲक्टिव्ह झालाय, कारण नुसतं अप असताना ट्रॅफिक शून्य असतो, आणि राउटिंग कॉन्टेक्स्ट (कुठला ट्रॅफिक ते सांगणारा नंबर) दोन्हीकडं जुळला नाही की तो ॲक्टिव्ह होतच नाही.

माझी पद्धत साधी आहे. नवीन होस्टची एंट्री जुन्याच्या शेजारी टाकायची, जुनीला हात लावायचा नाही. समोरच्याकडनं पण तसंच करून घ्यायचं, आणि हे विंडोच्या रात्री नाही, आधीच, स्क्रीनशॉटसकट. मग एकेक पीअर हलवायचा आणि दोन्ही दिशेचे काउंटर बघायचे, रिक्वेस्ट किती गेल्या आणि उत्तरं किती आली. टेस्ट सिमनं फोन लावून बघतात सगळेच, मी म्हणतो त्या सिमवर फोन येऊ दे आणि एसएमएस येऊ दे, कारण येणाऱ्या बाजूलाच जुनं नाव अडकलेलं असतं.

रोमिंगवाले पार्टनर मात्र सगळ्यात सावकाश. त्यांना आयआर.२१ मध्ये (ऑपरेटर एकमेकांना आपल्या नेटवर्कची माहिती देतात त्या कागदात) बदल कळवायचा असतो, तो कळवला तरी एखादा लांबच्या देशातला ऑपरेटर जुन्याच आयपीवर येत राहतो. त्यामुळं जुन्या एंट्रीवरचा काउंटर महिनाभर शून्य दिसल्याशिवाय ती काढू नका, आणि काढाल तेव्हा फायरवॉलमधला तिचा रूल पण काढून घ्या, तो कुणीच काढत नाही.