हातावरचा शिक्का

शुक्रवारी सकाळी आठचं प्रॅक्टिकल घेणं ही शिक्षाच होती. अर्धी पोरं जांभया देत यायची, आणि चंचुपात्र धरलेल्या प्रत्येक दुसऱ्या हाताच्या पाठीवर काळा-निळा डाग. पहिल्या महिन्यात वाटलं, सगळ्यांची पेनं एकाच कंपनीची असावीत, गळकी. मग कळलं, ते रात्रीच्या क्लबांचे शिक्के. एकवीस पूर्ण नसतील तर जाड मार्करने फुलीसुद्धा मारतात. फुलीवाल्याला दारू नाही, गाणं मात्र हवं तेवढं ऐका. साबणाने घासली तरी ती फुली पुढच्या दिवशीपर्यंत टिकते. कोण कितीला झोपलं हे मी हजेरीपेक्षा हातांवरूनच ओळखायला लागले.

हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं अथेन्स, जॉर्जिया राज्यातलं कॉलेजचं गाव. विद्यापीठाची सनद 1785ची, म्हणजे पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते तेव्हाची. अटलांटा दीड तासावर. ऐकणारे तिथून येऊ शकतात, पण तिथली घाई इथे पोचत नाही. बँड उगवायला ही जमीन बरी म्हणायची. त्यात जुनी मोठी लाकडी घरं, तेव्हा स्वस्तात भाड्याने मिळणारी, आणि चित्रकला शिकणारी, रात्री झोपायचं नाही असं ठरवून आलेली पोरं. 1977च्या व्हॅलेंटाइन डेला इथल्या एका घरच्या पार्टीत बी-52ज नावाचा बँड पहिल्यांदा वाजला. गावातला सर्वात नावाजलेला क्लब म्हणजे 40 वॅट. सुरुवातीला त्या खोलीत 40 वॅटचा एकच दिवा लोंबत होता, तेच नाव पडलं. पुढे जगभर गाजलेल्या आर.ई.एम. बँडचा गिटारवाला पीटर बक वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा आणि त्यांचा गायक मायकल स्टाइप तिथलं गिऱ्हाईक. दुकान अजून आहे. मी जाऊन आले, पण काही घेतलं नाही. रेकॉर्ड घेऊन वाजवणार कशावर?

मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत पडलेले असतात आणि तिथले तंबोरे जगभर जातात. पण तिथे गवई हा वेगळा माणूस. त्याच्यासाठी सतरंजी घालायची, पाया पडायचं आणि आपण मागे बसायचं. इथे गवई आणि वाणी एकच. घरमालकाने नळ दुरुस्तीला पाठवलेला माणूस म्हणाला, गुरुवारी जमणार नाही, गिग आहे, म्हणजे बँडचा कार्यक्रम. कॉफी देणारी मुलगी ड्रमवाली. गाव नोकरीला बँडच्या वेळा लावतं, बँडला नोकरीच्या नाही. आणि नवीन माणसाला पहिला प्रश्न, ‘तू कुठल्या बँडमध्ये?’ खरं सांगायचं तर यांतले कितीतरी बेसूर. त्याचं कुणालाच काही वाटत नाही, याचं मला आधी हसू यायचं, मग हेवा वाटायला लागला.

याची दुसरी बाजू मला ओकोनी स्ट्रीटवर दिसली. तिथे एका पाडलेल्या चर्चचा नुसता मनोरा उभा आहे. 5 एप्रिल 1980ला त्याच चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, आर.ई.एम. पहिल्यांदा वाजले. तेव्हा बँडला नावसुद्धा नव्हतं. लोक मनोऱ्याचे फोटो काढतात आणि जातात. शेजारची बैठी इमारत, नूचीज स्पेस, त्यांच्या फोटोत येत नाही. गिटार वाजवणारा एक तरुण मुलगा नैराश्यात गेला आणि 1996 साली त्याने जीव दिला. त्याच्या आईने 2000 साली ही जागा सुरू केली. सरावाच्या खोल्या तासावर मिळतात, आणि ज्याला आतून बरं वाटत नाही अशा वाजवणाऱ्याला समुपदेशकापर्यंत नेऊन पोचवतात, परवडेल अशा पैशांत. विमा नसलेल्या कलावंताला त्या देशात ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिथे एकदा दात दुखल्याशिवाय कळत नाही.

आता गावाच्या मध्यात विद्यार्थ्यांसाठी पोहण्याच्या तलावासकट उंच इमारती झाल्यात. भाडी वाढली, ड्रम ठेवायला जागा असलेली घरं गावाबाहेर सरकली. आमच्या बोळात एक उरलं होतं. त्यांच्या गॅरेजात रात्री साडेदहाला सराव चालायचा. दुसऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा, म्हणून तणतणत गेले. हातात घाईत तंबोऱ्याचा डबा तसाच राहिला होता. मला इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून अभ्यास करायची सवय आहे. गिटारवाल्याने डबा बघितला, भांडण राहिलं बाजूला. ‘ई देता येईल?’ म्हणाला. मी बोटांवर मोजलं. सी, डी, ई. म्हणजे आपल्या पेटीची पांढरी तीन. डब्याचं बटण फिरवलं, त्याने वायर त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि ते पत्र्याचं गॅरेज तंबोऱ्याच्या जोडाच्या तारेसारखं घुमायला लागलं. ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून नुसता बसला. परीक्षा कशीबशी पास झाले.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी त्यांनी मला एका छोट्या क्लबात नेलं. ऐकायला अकरा माणसं, त्यातली चार पुढच्या बँडची. मी स्टुलावर बसून डबा सांभाळला, बस्स. मानधन म्हणून पिझ्झाचे दोन तुकडे.

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल.

‘‘हाताला काय लागलंय गं?’’

‘‘शिक्का आहे. काल कार्यक्रम होता.’’

‘‘तुझा?’’ तिने चष्मा लावला. ‘‘पट्टी कुठली?’’

‘‘पांढरी तीन.’’

‘‘तुझी काळी चार आहे. पांढरी तीनमध्ये खालचं कसं लागेल तुला?’’

‘‘अगं, मी गायले नाही. नुसता डबा लावला.’’

‘‘मग लावताना तरी नीट ऐकलंस का? त्या डब्याचा पंचम थोडा उतरतो.’’